गोंगाट, कान आणि खिसा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्यासपीठांवर अध्यात्म, इतिहास, अर्थकारण असे नाना विषय होऊन गेले. त्या मानाने ‘बाहेरचा आवाज कमी करणारा बिनतारी हेडफोन कसा निवडावा’ हा माझा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. ही काय व्याख्यानाची गोष्ट झाली, ती तर दुकानदाराला विचारायची, असेही कोणी म्हणाले असेल. परंतु दुकानदाराला विचारून घेतलेल्या एका हेडफोनमुळेच हा विषय माझ्या मनात आला. तेव्हा तेवढी हकीकत आधी सांगतो.

गेल्या कापसाच्या हंगामात एका जिनात मजुरांची सभा घ्यायला गेलो होतो. जिनाचे नाव सांगण्याचे कारण नाही. रेचे चालू होते, रुईचा धुरळा उडत होता आणि एक विशीबाविशीचा तरुण गळ्यात नेकबँड आणि कानांत त्याच्या गुंड्या घालून सरकीच्या ढिगाशी काम करीत होता. मी त्याला हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही. खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याने एक गुंडी काढली. त्या गुंडीतून गाण्याचा आवाज इतका मोठा येत होता की, रेच्यांच्या खडखडाटातही तो मला हातभर अंतरावरून ऐकू आला. मी विचारले, “हे कशाला रे बाबा?” तो म्हणाला, “भाऊ, हे मशीनचा आवाज खाते. दुकानदारानं सांगतलं न! बाराशे रुपये देल्ले.”

त्याने पैसे कान वाचवण्यासाठी दिले होते आणि त्याच पैशांनी तो कानाची नासाडी करीत होता. यंत्राचा गोंगाट कमी झालेला नव्हता. त्यावर गाण्याचा गोंगाट चढला होता, इतकेच. मी स्वतः उमेदीची काही वर्षे रेच्यांपुढे काढलेली आहेत. आज बायको स्वयंपाकघरातून बोलली की आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. म्हणून त्या मुलाच्या बाराशे रुपयांचा हिशोब मला चैन पडू देईना. पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले, दुकानांत जाऊन वस्तू कानाला लावून पाहिल्या. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

कानाचा हिशोब

आवाज डेसिबल या मापाने मोजतात. कुजबुज सुमारे ३० डेसिबलची, समोरासमोरचे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे. या मापाची खोड अशी की, ते आपल्या शेराच्या मापासारखे सरळ चढत नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते आणि २० वाढले की शंभरपट. कानाला मात्र दर १० डेसिबलला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे कानावर पडणारा मार जितक्या वेगाने वाढतो, तितक्या वेगाने तो आपल्याला जाणवत नाही. फसगतीचे मूळ इथेच आहे.

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार केसल पेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूला निरोप पोचतो. शेतातले पीक एखाद्या वाऱ्याने लवते आणि पुन्हा उभे राहते. पण रोज वादळ आले तर ते कायमचे आडवे होते. या पेशींचे तसेच आहे. फरक इतकाच की, पीक पुढच्या साली पुन्हा पेरता येते; माणसाच्या कानातली मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. गोंगाटाने आधी जातात त्या बारीक, उंच स्वरांच्या पेशी. म्हणून ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही अक्षरे प्रथम हरवतात. माणूस म्हणतो, “मला ऐकू येते, लोकच नीट बोलत नाहीत!” बहिरेपणाची सुरुवात बहुधा याच तक्रारीने होते.

किती आवाज किती वेळ सोसावा, याचे एक माप जागतिक आरोग्य संघटनेने दिले आहे. करमणुकीसाठी ऐकताना मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. लहान मुलांसाठी तो आकडा ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करायची. या हिशोबाने ९० डेसिबलला आठवड्याचे फक्त ४ तास उरतात. १२ ते ३५ वर्षे वयाच्या शंभर कोटींहून अधिक तरुणांच्या कानांना मोठ्याने ऐकण्याच्या सवयीमुळे धोका आहे, असा या संघटनेचा अंदाज आहे. त्या शंभर कोटींत आपल्या कळंबची मुलेही आली.

उलट्या लाटेची युक्ती

आता यंत्राकडे वळू. बाहेरचा आवाज कानापर्यंत येऊ न देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग आपणा सर्वांच्या रोजच्या अनुभवातला आहे. आपल्या चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली गेले की, वरचा बाजाराचा गलबला मागे पडतो. तिथे कसलेही यंत्र नाही. आहे ती जाड दगडाची भिंत आणि जमिनीची पोकळी. कानात बोळा घातला किंवा कानावर जाड गादी दाबून बसवली, तर तेच घडते. आवाजाच्या वाटेत भिंत उभी राहते. ही भिंत बारीक, उंच आवाज चांगले अडवते. परंतु मोटारीची घरघर, कूलरची घूं घूं असे जाडे, खालचे आवाज तिच्यातून पाझरतात.

दुसरा मार्ग विज्ञानाचा. आवाज म्हणजे हवेचे दाबणे आणि सैल होणे. झोका घेत असलेल्या पाळण्याची कल्पना करा. पाळणा आपल्याकडे येत असताना नेमक्या त्याच क्षणी, नेमक्या तेवढ्याच जोराने उलट ढकलला तर तो जागीच थांबतो. हेडफोनच्या आतबाहेर बारीक मायक्रोफोन बसवलेले असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आतले मंडल त्या लाटेची उलटी लाट तयार करते आणि कानाशी असलेला स्पीकर ती सोडतो. एकीने हवा दाबली की दुसरी ती सैल करते. दोन्हींची गोळाबेरीज जवळजवळ शून्य होते. यालाच ‘ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’ म्हणतात आणि खोक्यावर ‘एएनसी’ अशी तीन अक्षरे छापतात.

ही कल्पना काही कालपरवाची नव्हे. पॉल ल्यूग या जर्मन गृहस्थाने १९३३ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. परंतु ती साधण्याइतके चपळ यंत्र तेव्हा नव्हते. पुढे १९७८ साली अमर बोस हे प्राध्यापक विमानाने युरोपातून अमेरिकेला परतत असताना इंजिनाच्या घरघरीने त्यांना कानातले संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच या प्रश्नाचे गणित मांडायला घेतले. हे बोस म्हणजे इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून अमेरिकेत गेलेल्या एका बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव. त्यांच्या कंपनीने १९८९ साली वैमानिकांसाठी असा हेडफोन बाजारात आणला. वैमानिकांच्या कानावरची ती चीज आज नेकबँडच्या रूपाने आपल्या बाजारपेठेत टांगलेली दिसते.

पण या युक्तीची मर्यादा त्याच पाळण्याच्या दृष्टांतात आहे. धक्का वेळेवर बसला तर पाळणा थांबतो. क्षणभर उशीर झाला तर तोच धक्का पाळण्याला जोर देतो. जाड्या आवाजाची, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांची एक लाट पुरी व्हायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. यंत्राला तेवढी उसंत पुरते. सेकंदाला ५,००० कंपनांच्या बारीक आवाजाला मात्र पाच हजारावाच भाग लागतो. तिथे यंत्राची धाप लागते. म्हणून बस, आगगाडी, कूलर, पंखा, पिठाची गिरणी यांची एकसुरी घरघर या यंत्राने चांगली कमी होते. परंतु माणसाचे बोलणे, पोराचे रडणे, गाडीचा हॉर्न, भांड्याचा खणखणाट, फटाका हे आवाज त्याने फारसे जात नाहीत. ते अडवायचे तर गादीची किंवा बोळ्याची भिंतच कामी येते. तेव्हा कानात नीट न बसणारे यंत्र कितीही नामांकित असले तरी निम्मे वाया गेले म्हणून समजावे.

खोक्यावरची अक्षरे

आता दुकानात जाऊ. तिथे पहिली फसगत होते ती दोन अक्षरसमूहांच्या साम्यामुळे. एका खोक्यावर ‘एएनसी’ असते, दुसऱ्यावर ‘ईएनसी’. एका अक्षराचा फरक, पण अर्थ अगदी वेगळा. एएनसी आपल्या कानात येणारा गोंगाट कमी करते. ईएनसी आपण फोनवर बोलत असताना आपल्या मायक्रोफोनमध्ये शिरणारा गोंगाट गाळते. म्हणजे तिचा लाभ पलीकडच्या माणसाला. आपल्या कानाला तिचा काडीचा उपयोग नाही. त्या जिनातल्या मुलाचा नेकबँड मी हातात घेऊन पाहिला, त्यावर ईएनसीच होते. दुकानदार खोटे बोलला असे म्हणण्यापेक्षा त्यालाही भेद ठाऊक नव्हता, असे मी समजतो. पण बाराशे रुपये गेले ते मुलाचे.

दुसरी गोम ‘पर्यंत’ या शब्दात आहे. ‘३० डेसिबलपर्यंत’, ‘५० डेसिबलपर्यंत’ असे आकडे खोक्यावर असतात. हा आकडा त्या यंत्राने कोठल्या तरी एका स्वरावर, चाचणीच्या खोलीत गाठलेली कमाल असतो. सगळे आवाज तेवढे कमी होतील असा त्याचा अर्थ नव्हे. ‘मजुरी पाचशेपर्यंत मिळेल’ असे मुकादमाने सांगितले की हातात किती पडतात, हे आपणास ठाऊक आहेच. तेव्हा निव्वळ आकड्यांची तुलना करून ४५ वाला ३० वाल्यापेक्षा चांगला, असा निष्कर्ष काढू नये.

तिसरी गोष्ट, भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी. बिनतारी हेडफोन आणि इअरफोन यांना ती सक्तीची आहे. वस्तूवर किंवा खोक्यावर ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक पाहावा. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर तो क्रमांक टाकला की, नोंदणी खरी की खोटी ते तिथल्या तिथे कळते. हे चिन्ह विजेच्या सुरक्षिततेचे आहे, आवाजाच्या गुणाचे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. परंतु ज्या वस्तूत लिथियमची बॅटरी असते आणि जी आपण कानाला चिकटवून झोपतो, ती सुरक्षित असणे ही पहिली अट आहे. आठवडी बाजारात हुबेहूब नामांकित दिसणारी जी नकली वस्तू शेदोनशेला मिळते, ती याच कारणाने टाळावी.

कोणता आकार, किती पैसे

आकार मुख्यतः तीन. कानांत घालायचे सुटे बड्स, गळ्यात अडकवायचा नेकबँड आणि डोक्यावरून कानांवर बसणारा मोठा हेडफोन. बड्स सुटसुटीत खरे. पण एसटीच्या गर्दीत एक पडला की दुसरा निरुपयोगी. त्यांची बॅटरी इवलीशी असते आणि ती बदलून मिळणे कठीण. नेकबँड पडत नाही, त्याची बॅटरी जास्त चालते आणि तो सर्वांत स्वस्त पडतो. फिरत्या माणसाला, कामगाराला, दुकानात बसणाऱ्याला मी नेकबँडच सुचवीन. मोठ्या हेडफोनची गादी कानाभोवती भिंत उभी करते, त्यामुळे परिणाम चांगला. अभ्यास करणाऱ्या मुलांना आणि घरी बसून काम करणाऱ्यांना तो योग्य. मात्र आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. अशा उन्हाळ्यात तो तासभर कानावर ठेवला की घामाची धार लागते. शिवाय चष्म्याच्या काडीमुळे गादी आणि कान यांत फट राहते आणि तिथून गोंगाट आत येतो. चष्मेवाल्यांनी हे आधी पाहावे.

किमतीबद्दल स्थूलमानाने असे म्हणता येईल. हजार रुपयांच्या आत एएनसीची पाटी असली तरी गुण नावापुरताच मिळतो. त्या पैशांत साधा, नीट बसणारा, तारेचा इअरफोन अधिक प्रामाणिक. दीड ते तीन हजारांच्या दरम्यान बड्स आणि नेकबँड यांत कामापुरती एएनसी मिळू लागते. रिअलमी कंपनीने २०२३ साली ३० डेसिबलपर्यंतच्या दाव्याचा एक नेकबँड १,७९९ रुपयांना आणला, तो या पायरीचा नमुना. बोट, नॉइज, बोल्ट या भारतीय नावांच्या वस्तूही याच पायरीवर पुष्कळ आहेत. मोठा हेडफोन बरा हवा असेल तर तीन हजारांपासून पुढे पाहावे. सोनीचा सीएच ७२० एन हा हेडफोन २०२३ साली आला तेव्हा त्याची किंमत ९,९९० रुपये होती. त्याचे वजन १९२ ग्रॅम असून एएनसी चालू ठेवूनही बॅटरी ३५ तास चालते, असे कंपनी सांगते. रोजच्या वापरासाठी याच्या वर जाण्याची गरज मला दिसत नाही. वीसपंचवीस हजारांच्या वस्तू अधिक शांतता देतात यात शंका नाही. पण जादा पैशांच्या प्रमाणात ती शांतता वाढत नाही.

किंमत नुसती रुपयांत न मोजता महिन्यांत मोजावी. ९०० रुपयांची वस्तू सहा महिन्यांत मेली, तर महिन्याला १५० रुपये पडले. २,४०० ची दोन वर्षे टिकली, तर महिन्याला १०० च पडले. गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते, ती अशी. म्हणून पावती घ्यावी, हमी किती महिन्यांची ते पावतीवर लिहून घ्यावे आणि दुरुस्तीचे केंद्र यवतमाळला आहे की नागपूरला, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. वस्तू सदोष निघाली आणि विक्रेता दाद देईना, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी देखील लागत नाही. हक्क मागितल्याखेरीज पदरात पडत नाही, हे मी तीस वर्षे कामगारांना सांगत आलो. ग्राहकालाही तेच लागू.

इतर गोष्टी थोडक्यात. घामाने आणि शिंतोड्याने बिघडू नये यासाठी ‘आयपीएक्स ४’ किंवा त्यावरचा दर्जा पाहावा. मोठ्या हेडफोनला तार जोडण्याची सोय असावी, म्हणजे बॅटरी संपली तरी काम अडत नाही. गादी बदलून मिळते का ते पाहावे, कारण आधी फाटते ती गादीच. ब्लूटूथची आवृत्ती अमुक आणि तमुक यांवर दुकानदार फार भर देतात. पण गाणी, बातम्या आणि फोन यांसाठी आजचे कोणतेही बरे यंत्र त्या बाबतीत पुरेसे आहे. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

दुकानात करायची परीक्षा

ही वस्तू गाणे लावून पारखू नये. दुकानदार मोठ्याने गाणे लावून देतो आणि आपण खूश होतो. तिची खरी परीक्षा गाणे बंद ठेवून होते. दुकानात कूलर असतोच. विदर्भात तो नसेल असे दुकान विरळा. कूलरजवळ उभे राहावे, हेडफोन लावावा आणि एएनसी आधी बंद, मग चालू करावी. घूं घूं स्पष्टपणे मागे हटली पाहिजे. फरक जाणवण्यासाठी मन लावून ऐकावे लागत असेल, तर ती वस्तू परत ठेवावी. मग तसेच बाहेर रस्त्यावर येऊन उभे राहावे. वारा लागला की मायक्रोफोनमध्ये फडफड होते का ते पाहावे. तिसरी परीक्षा, घरी फोन लावून “माझे बोलणे स्वच्छ येते का?” असे विचारावे. चौथी, दहा मिनिटे कानावर ठेवून कान दुखतो का, कानात दडा बसल्यासारखे होते का, ते पाहावे. बड्सबरोबर लहानमोठ्या रबरी टोप्या येतात, त्या बदलून पाहाव्यात. पुष्कळदा वस्तू चांगली असते, टोपी मापाची नसते. बड्स ऑनलाइन घ्यायचे असतील, तर परत करण्याची मुदत किती दिवसांची ते आधी वाचावे आणि त्या मुदतीत याच परीक्षा घरच्या कूलरपुढे कराव्यात.

शांतता कशासाठी

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, गोंगाटात माणूस गाणे नेहमी गोंगाटाच्या वर चढवतो. बसमध्ये ८० डेसिबलची घरघर असेल, तर गाणे ९० वर जाते. आणि ९० ला आठवड्याचे ४ तासच मोकळे, हे आपण पाहिले. घरघर १५–२० डेसिबलने खाली आली, तर तेच गाणे ७०–७५ वर सुखाने ऐकता येते. बाहेरचा आवाज कमी करणाऱ्या यंत्राचा खरा फायदा हाच. गाण्याची गोडी ही त्यावरची साखर. एएनसी घेऊनही आवाज पूर्वीइतकाच मोठा ठेवला, तर खरेदी फुकट गेली. फोनवर आवाजाची पट्टी निम्म्यावर ठेवावी आणि हातभर अंतरावरच्या माणसाला आपले गाणे ऐकू येता कामा नये, एवढी खूणगाठ बांधावी.

आणि जिथे ऐकू येणे हेच प्राण वाचवते, तिथे ही वस्तू कानात नसावी. गाडी चालवताना नको, रस्ता ओलांडताना नको. आपल्याकडे तर आता रूळही आले आहेत. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. पिढ्यान् पिढ्या ज्या पायवाटेने आपण शेतात गेलो, तिथे आता गाडी येते. आगगाडीची घरघर हा नेमका तोच जाडा आवाज आहे, जो हे यंत्र सर्वांत चांगला पुसते. रुळाशेजारून कानात बड्स घालून चालणारे पोर दिसले, तर त्याला थांबवा. ते रागावले तरी चालेल.

जिनात काय घालावे

शेवटी त्या मुलाकडे परत येतो. जळगावच्या जिनिंग कारखान्यांत मोजमाप करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आवाज ८९ ते १०६ डेसिबल आढळला. कारखान्यांच्या नियमांत मर्यादा आहे ती ८ तासांसाठी ९० डेसिबलची. करमणुकीच्या आवाजासाठी तज्ज्ञ ९० ला आठवड्याचे ४ तास सांगतात आणि पोटासाठी सोसायच्या आवाजाला आठवड्याचे ४८ तास चालतात! दोन्ही आकडे वेगवेगळ्या कामासाठी बांधलेले आहेत हे मला मान्य आहे; पण कान एकच आहे. शेजारी शेजारी ठेवून ते आपणच वाचावेत.

जिनात एएनसीचा हेडफोन हा इलाज नव्हे. तो संरक्षणाचे साधन म्हणून तपासलेला नसतो. त्याची बॅटरी संपते, आणि रेच्याच्या आवाजातला उंच खडखडाट त्याला आवरत नाही. तिथे हवेत ते फोमचे कर्णबोळे किंवा कानावर घट्ट बसणारे इअरमफ. त्यांच्यासाठी आयएस ९१६७ हे भारतीय मानक आहे. बोळे थोड्या रुपयांत मिळतात, इअरमफ काही शे रुपयांत. बोळा घालण्याची रीत आहे: बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सरकवावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. नुसता दारात अडकवलेला बोळा काहीच करीत नाही.

हे साहित्य मजुराने विकत आणायचे नसते. गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात कळवण्याजोगा रोग म्हणून नोंदलेला होता. त्या कायद्याच्या जागी आलेल्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेतही तो कायम आहे. सुरक्षेसाठी पुरवलेल्या कोणत्याही साधनाचे वा तपासणीचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत, असेही ती संहिता सांगते. म्हणजे त्या मुलाचे बाराशे रुपये मुळात त्याने खर्चायचेच नव्हते.

त्या दिवशी सभा संपल्यावर त्याला मी माझ्या पिशवीतले बोळे दिले आणि घालून दाखवले. त्याने ते घातले, रेच्यापाशी जाऊन उभा राहिला आणि थोड्या वेळाने परत येऊन म्हणाला, “भाऊ, हे दहा रुपयांचं काम करते!” मग त्याने विचारले की, नेकबँडचे काय करू. मी म्हटले, घरी ने, कूलरपाशी बसून हळू आवाजात गाणी ऐक. पुढच्या आठवड्यात आम्ही मालकाकडे बोळ्यांची आणि कानाच्या तपासणीची लेखी मागणी दिली. तिच्यावर पहिली सही त्या मुलाची आहे.

माझे म्हणणे संपले. मंडपातले कूलर आता बंद झाले आहेत, असे कोणी तरी मागून सांगत आहे. मला ते आपणहून कळले नाही. आपल्या मुलांना ते कळत राहावे, एवढ्यासाठीच हा तासभराचा खटाटोप.